चार इयत्ता, एक उपक्रम

पत्र:

"मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सर मुख्याध्यापकपदही सांभाळतात, त्यामुळे केंद्राच्या बैठका, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशोब, सगळं त्यांच्याकडे. ते बाहेर गेले की चारही वर्ग माझ्यासमोर. निम्मी मुलं घरी कानडी बोलतात, काही तेलुगू. मोबाईलवर बघून मी पहिलीला एक, दुसरीला दुसरा असे उपक्रम ठरवते, रात्री बारापर्यंत कार्डं कापत बसते. सकाळी पहिलीचं सुरू करून देईपर्यंत चौथीत मारामारी लागलेली असते. पालक येऊन म्हणतात, 'मॅडम, पोरं निस्ती खेळत्यात, वहीत कायबी न्हाई.' तिसरीत एक मुलगी आहे, तिला अजून साधा शब्द वाचता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले सरांनी शिक्षकांचं जगाचं बक्षीस आणलं आणि माझ्याच्यानं एक खोली सांभाळली जात नाही. उपक्रम सोडून सरळ खडू-फळ्यावर यावं का?"

ताई,

उपक्रम सोडू नका. रात्री बारापर्यंत कार्डं कापणं मात्र आजपासून सोडा. तुमची दमछाक मुलांमुळे होत नाहीये. चार इयत्तांसाठी चार वेगळे उपक्रम मांडायला जाता, त्यामुळे होतेय. एकट्या माणसाला ते जमत नाही, कुणालाच जमत नाही. ज्या व्हिडिओंशी तुम्ही स्वतःची तुलना करता, त्यांत बहुतेक वेळा एकच इयत्ता असते आणि दाखवण्यासारखा तेवढाच तास असतो.

घरात म्हाताऱ्या सासऱ्यांना, लेकराला आणि कामावरून आलेल्या माणसाला आपण वेगवेगळा स्वयंपाक करत नाही. भाकरी तीच असते. कुणाला दुधात कुस्करून देतो, कुणाला शेंगाचटणीबरोबर वाढतो. वर्गातही साहित्य एकच ठेवा, गोष्ट एकच घ्या, सगळ्यांना एकाच गोलात बसवा. इयत्तेप्रमाणे बदलायचा तो फक्त प्रश्न. तुमच्या पत्राला माझं मुख्य उत्तर हेच आहे.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी धरा. ही अडचण यंदापुरती नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पटावर 60 पर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. म्हणजे सर शाळेत असले तरी तुमच्यासमोर दोन इयत्ता असणारच. तेव्हा एकेका वर्गाचं वेगळं टाचण काढत बसण्यापेक्षा कागदावर मधोमध उपक्रम लिहा आणि चार कोपऱ्यांत चार प्रश्न. एवढं टाचण पुरतं.

आता प्रत्यक्ष करून बघू. सोलापूरच्या मुलांना विणकाम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कुणाचे आजोबा यंत्रमागावर होते, कुणाची मावशी कांड्या भरते, आणि चादर तर प्रत्येकाच्या अंथरुणात आहे. म्हणून कागदाच्या पट्ट्यांची चटई घ्या. घोटीव कागद असेल तर उत्तम, नसेल तर जुन्या कॅलेंडरची पानं आणि वर्तमानपत्रही चालतं, फक्त दोन रंग वेगळे दिसले पाहिजेत. पट्टी 2 सेंटीमीटर रुंद, 15 सेंटीमीटर लांब. याहून अरुंद नको, पहिलीच्या बोटांत ती धरवत नाही. या पट्ट्या तुम्ही कापायच्या नाहीत. तिसरी-चौथीची मुलं पट्टीनं आखून कापतील. कुणाची रेघ तिरकी जाईल, पट्टी एका टोकाला फुगेल, मग तोच मुलगा दोन्ही टोकांना खुणा करून रेघ जोडायला शिकेल. मोजमापाचा अर्धा धडा तिथंच होतो.

एका रंगाच्या 6 पट्ट्या उभ्या ठेवून त्यांची वरची टोकं एका आडव्या जाड कागदाला चिकटवा. हा ताणा. दुसऱ्या रंगाची पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून घालत न्यायची. हा बाणा. दुसऱ्या ओळीत उलट सुरुवात, अशा सहा ओळी. पहिलीच्या मुलांनी मोठ्यानं म्हणत विणायचं, "वर, खाली, वर, खाली." कानडी घरातल्या मुलानं ते कानडीत म्हटलं तरी चालेल, हात तेच करत असतो. चूक झाली की शेजारशेजारचे दोन चौकोन एकाच रंगाचे दिसतात. ते मूल स्वतःच थबकतं, पट्टी मागे ओढतं. तुम्हाला "चुकलं" म्हणावं लागत नाही. तुम्ही एवढंच विचारायचं: "आता पुढं कुठला रंग येईल?" पाठ्यपुस्तकात ज्याला आकृतिबंध म्हणतात तो पहिलीच्या मुलाला असा बोटांनी कळतो.

तीच चटई दुसरीच्या हातात गेली की प्रश्न वेगळा: चौकोन किती? कुणी 35 म्हणेल, कुणी 38, कारण मोजताना बोट घसरतं. उत्तर सांगू नका. "घोळ होऊ नये म्हणून काय करता येईल?" असं विचारा आणि थांबा. थोड्या वेळानं कुणीतरी दहा चौकोन झाले की पेन्सिलीनं रेघ ओढेल. तीन दशक आणि सहा सुट्टे. चिंचोक्यांचे गठ्ठे करून जे शिकवायचं तेच इथं पुन्हा होतं, पण इथं दशक करण्याची गरज मुलालाच पडलेली असते.

तिसरीला मोजायला बंदी. सहा ओळी, एका ओळीत सहा, तर न मोजता सांगा. मग 4 ओळींची, 6 उभ्या पट्ट्यांची चटई द्या आणि ती आडवी फिरवा. चार सक चोवीस आणि सहा चोक चोवीस हे एकच कसं, ते डोळ्यांनी दिसतं. अशी चटई फिरवून पाहिलेली मुलं पाढ्यात अडली की स्वतःच उलटा पाढा धरतात.

चौथीवर मात्र जरा थांबू, कारण तुमची चौथीच मोकाट सुटतेय. तिला हाताला काम आहे पण डोक्याला नाही, म्हणून. चौथीला विचारा, 6 बाय 6 च्या चटईत लाल चौकोन एकूण चौकोनांचा कितवा भाग? 36 पैकी 18, अर्धा. सोपं आहे. आता 5 बाय 5 ची विणा. 13 आणि 12 येतात. अर्धे का होत नाहीत? मुलं आधी म्हणतील, कुणाचं तरी चुकलंय. पुन्हा विणतील, पुन्हा 13 आणि 12. मग 5 बाय 4 करून बघा, 3 बाय 4 करून बघा. दोन्ही बाजू विषम असतील तरच निम्मे होत नाहीत, एक बाजू जरी सम असली तरी होतात, हे त्यांनी शोधायचं. तुम्ही सांगितलंत तर दोन मिनिटांत संपेल आणि विसरलं जाईल. दोन दिवस लागू देत. या दोन दिवसांत चौथी मारामारी करणार नाही.

त्याच चौथीला पुढच्या आठवड्यात चौकटीच्या वहीचं पान द्या. त्यावर पेन्सिलीनं चौकोन रंगवून एक नक्षी काढायची: रंगवलेला चौकोन म्हणजे तिथं उभी पट्टी वर, कोरा म्हणजे खाली. मग तसं विणायचं. सोलापुरी चादरीवरची नक्षी निघते ती मागाला जोडलेल्या जेकार्ड नावाच्या यंत्रणेवर, आणि जुन्या जेकार्डमध्ये भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं हेच काम करतात. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. हे मुलांना मागावर काम केलेल्या एखाद्या आजोबांनी शाळेत येऊन सांगितलं तर फार बरं. आपली वहीतली नक्षी आणि घरातली चादर एकाच रीतीनं विणली गेलीय हे कळल्यावर मुलं अंथरुणातली चादर उलटीपालटी करून बघायला लागतात. बघू देत.

वेळेचं म्हणाल तर कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन धरलंय, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातली चाळीस मिनिटं उपक्रमाला द्या, जास्त नको. सुरुवातीची दहा मिनिटं सगळे एकत्र, मग वीस मिनिटं फळ्याच्या चार भागांत लिहिलेल्या चार प्रश्नांवर काम. या वीस मिनिटांत तुम्ही एकाच इयत्तेजवळ बसायचं. आज पहिली, उद्या तिसरी. चौघांमध्ये धावायचं नाही. बाकीच्यांना अडलं तर वरच्या वर्गातलं मूल विचारायला आहे. शेवटची दहा मिनिटं बोलायची आणि लिहायची.

ही शेवटची दहा मिनिटंच बहुतेक शाळांत गळतात. खिचडीची वेळ होते, कागद गोळा केले जातात, आणि मुलाला आपण नक्की काय केलं ते शब्दांत मांडायची संधीच मिळत नाही. पालकांची तक्रार इथूनच येते, आणि मला ती चुकीची वाटत नाही. जो बाप रोजावर जातो त्याला शाळेचा पुरावा म्हणून वहीच दिसते. तेव्हा वही रिकामी राहू देऊ नका. पहिलीनं चटईचं चित्र काढून खाली अंक लिहावा, दुसरीनं एक वाक्य. तिसरीचा गुणाकार अंकांत आणि अक्षरांत. चौथीनं "13 आणि 12 का आले" यावर आपल्या शब्दांत तीन-चार ओळी, मग त्या मोडक्यातोडक्या का असेनात. घरी गेल्यावर मुलानं ते वाचून दाखवायचं, हाच त्या दिवसाचा गृहपाठ.

आणि पाढे, शुद्धलेखन, रोजचं अर्धा तास शांत बसून लिहिणं, हे सगळं चालू ठेवा. उपक्रम म्हटला की पाठांतर जुनाट, असं काही प्रशिक्षणांतून ऐकू येतं. मला ते पटत नाही. समजलेला पाढा पाठ असायलाच हवा, नाहीतर पाचवीत भागाकाराशी मूल अडतं.

पुढच्या पालक सभेत भाषण करू नका. प्रत्येकाच्या हातात पट्ट्या द्या आणि 5 बाय 5 ची चटई विणायला सांगा, शेजारी त्यांचंच मूल बसवा. मुलानं आई-वडिलांना समजावून सांगायचं. सभा संध्याकाळी ठेवा, म्हणजे वळलेल्या विड्या देऊन आलेल्या आयाही येऊ शकतील. तुमच्या भागात विडीकाम असेल तर त्या आयांचा हिशोब वर्गात जरूर आणा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे हजार म्हणजे किती हे त्या घरातल्या मुलाला पुस्तकाआधी कळलेलं असतं. विड्या किंवा पानं मात्र वर्गात आणू देऊ नका, तंबाखू लेकरांच्या हाताला नको. हिशोब तोंडी पुरेसा आहे.

आता भाषेचं. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या वर्गातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. कानडी घरातलं मूल 21 ला "इप्पत्तोंदु" म्हणतं, तेलुगू घरातलं "इरवै ओकटि". दोन्हींत आधी वीस, मग एक, जसं लिहितो तसंच. मराठीत आपण आधी एक म्हणतो, मग वीस. या मुलानं "एकवीस" ऐकून 12 लिहिलं तर ते मूल ढ नाही, ते ऐकलेल्या क्रमानं लिहितंय. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीनं "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी ते मुलांची अडचण ओळखून केलं होतं. वादात कुणाची बाजू काय होती ते सोडा, तुमच्या वर्गात ती रीत खरोखर उपयोगाची आहे. चटईचे चौकोन मोजताना आधी घरच्या भाषेत मोजू द्या, मग "तीस सहा", मग "छत्तीस". छत्तीसवर पोचायचंच आहे, बाजारात आणि परीक्षेत तेच लागतं. वाट फक्त त्यांच्या घरावरून जाऊ द्या.

डिसले सरांचं नाव घेऊन तुम्ही स्वतःला बोल लावलात, त्याचं मला वाईट वाटलं. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शिक्षकाला मिळालं म्हटल्यावर सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पुस्तकातला क्यूआर कोड. त्याआधी त्यांनी केलेलं काम तुमच्या हातातलं आहे. मुलांच्या घरच्या भाषेत पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पुस्तक मुलांच्या भाषेत आणलं. तुम्ही आपल्या पहिलीतल्या मुलांकडून रोज दोन कानडी शब्द शिकून घेतलेत तरी वर्गाचा चेहरा बदलेल. मॅडमला आपल्याला काहीतरी शिकवता येतं, याचा मुलांना फार अभिमान वाटतो.

तिसरीतल्या त्या मुलीला पहिलीच्या रांगेत बसवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. ती चटई तिसरीबरोबरच विणेल, तिथं ती कुणाच्या मागे नाही. वाचनासाठी मात्र दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवा आणि चारही वर्गांचे गट वाचता येण्याप्रमाणे करा: अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी. 'प्रथम' संस्थेनं ही रीत अनेक राज्यांत वापरली आहे. प्रत्येक गटात दोन-तीन इयत्तांची मुलं येतात, त्यामुळे कुणी एकटं पडत नाही. आणि त्या मुलीसाठी रोज दहा मिनिटं वेगळी काढा. तिला चटईबद्दल, आईबद्दल, शेळीबद्दल, काहीही एक वाक्य सांगू द्या. ती म्हणेल तसंच तिच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. "माझ्या आज्जीची चादर निळी हाय." 'हाय'चं 'आहे' करू नका. मग बोट ठेवून तिच्याबरोबर वाचा. वाक्य तिचंच असल्यामुळे पुढचा शब्द तिला आधीच माहीत असतो, डोळे फक्त तो ओळखायला शिकतात. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य शब्द-शब्द कापून तिच्याकडून जुळवून घ्या. साध्या शब्दांची भीती गेली की पाठ्यपुस्तक उघडा, त्याआधी नको. शासनाच्या निपुण भारतचंही उद्दिष्ट तिसरीअखेर समजून वाचता यावं हेच आहे, तेव्हा यात घालवलेला वेळ कुठल्याही तपासणीत वाया गेला असं कुणी म्हणणार नाही. एक मात्र आधी बघा: तिला लांबचा फळा नीट दिसतो का, आणि मागून हाक मारली तर ऐकू येतं का. प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळे आणि कान तपासून घ्या.

चटईचा कंटाळा आला की शेंगा घ्या. प्रत्येकाला मूठभर. पहिलीनं मोजायच्या, दुसरीनं दहा-दहाचे ढीग, तिसरीनं फोडायच्या आधी किती दाणे निघतील त्याचा अंदाज लिहून मग फोडायच्या. चौथीनं एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी वेगळ्या करून चित्रालेख काढायचा. मग सगळ्यांनी खायच्या. संक्रांतीनंतर सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेवर असंच करता येतं: पाळण्याचं चित्र, खेळण्यांच्या किमतींची यादी, खर्चाचा हिशोब, गावाकडच्या मामाला पत्र. साहित्याला पैसा लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं होतं.

एकदम सगळं करायला घेऊ नका. पहिले पंधरा दिवस चटई आणि ती शेवटची दहा मिनिटं, एवढंच. वाचनाचे गट त्यानंतर. आणि सरांशी एकदा मोकळेपणानं बोला: बैठकीची तारीख कळली की आदल्या दिवशी तुम्हाला सांगायची, म्हणजे चारही वर्ग तुमच्याकडे येणार त्या दिवशी नवीन उपक्रम न काढता मुलांना आधीच येणारा उपक्रम ठेवता येईल. पट्ट्यांचं एक पाकीट त्यासाठी कपाटात तयार असू द्या, चौथीकडूनच कापून घेतलेलं.